काठवटीत चीज

मला भाकरी येत नाही. हे वाक्य मी कोल्हापुरात बसून लिहिते आहे, तेव्हा वाचणाऱ्यांनी निदान माझ्या धाडसाला तरी दाद द्यावी. माझं माहेर आजऱ्याचं. आम्ही भाताची माणसं. सकाळी ऊन भात, दुपारी भात-आमटी, आणि पाहुणे आले तर पुन्हा भातच, फक्त वर तूप जरा सढळ. लग्न होऊन इथं आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी थापलेली भाकरी सासऱ्यांनी ताटातून उचलली, खिडकीच्या उजेडाकडं धरली आणि शांतपणे म्हणाले, "ह्यातनं समोरचं घर दिसतंय की." सासूबाईंनी तिथल्या तिथं माझ्या हातातलं पीठ काढून घेतलं. ते मला चोवीस वर्षांत परत मिळालं नाही, आणि खरं सांगायचं तर मी मागितलंही नाही.

सासूला आमच्या घरात आत्ती म्हणतात. सकाळी साडेसातला स्वयंपाकघरातून आत्तींची थप थप सुरू झाली की आमचे हे दाढीला बसायचे, लेक पांघरुणातून एक पाय बाहेर काढायची आणि मी शाळेच्या वह्या पिशवीत कोंबायला लागायचे. ही थप थप यायची ती काठवटीतून. काठवट म्हणजे पीठ मळायची आणि भाकरी थापायची लाकडी परात. आत्तींची त्यांच्या लग्नातली होती, मधोमध तळव्यांनी घासून घासून गुळगुळीत झालेली. भाकरी त्यात गोल गोल फिरायची आणि बघता बघता काठाला टेकायची. थापताना आत्ती बोलत नसत, त्यामुळं घरातले सगळे गुन्हे त्याच वेळी कबूल केले जायचे. मी त्यांना न विचारता स्कूटर घेतली होती, ते मी अशीच एक भाकरी काठवटीत असताना सांगून मोकळी झाले. भाकरी तव्यावर पडेपर्यंत त्यांचा राग निम्मा झाला होता.

मग गेल्या थंडीत, एका पौर्णिमेला, आत्ती नृसिंहवाडीला गेल्या. दर्शन घेतलं, बासुंदी घेतली आणि घाटाच्या ओल्या पायरीवर घसरल्या. पडताना माणूस हातातलं टाकतो आणि स्वतःला सावरतो. आत्तींनी डाव्या हातातला बासुंदीचा डबा वर धरला आणि सगळा भार उजव्या मनगटावर घेतला. मनगट मोडलं. डब्याचं झाकणसुद्धा हललं नाही. दवाखान्यात एक्स-रेच्या खोलीबाहेर बसून त्या आमच्या ह्यांना सांगत होत्या, "माझं ऱ्हाऊ दे. आधी ती बासुंदी फ्रिजात ठेवून ये जा, आंबट हुईल." संध्याकाळी आम्ही ती खाल्ली. फार चांगली होती, हे सांगायला मला अजून लाज वाटते.

दीड महिना प्लॅस्टर होतं. ते निघालं तेव्हा हात बारीक आणि ताठ झाला होता. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीनं एक पिवळा रबरी चेंडू दिला आणि दिवसातून तीनदा दाबायला सांगितलं. आत्तींनी तो घरी आणून लिंबांच्या टोपलीत टाकला. "मी काय ल्हान पोरगी हाय व्हय चेंडू खेळाय?" एवढं बोलून विषय संपवला. एकदा सरबतासाठी लिंबू म्हणून मी तोच उचलला आणि सुरी चालवली. ती चालेना तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. आमचे हे आणि लेक पोट धरून हसले. आत्ती हसल्या नाहीत.

भाकरी आता कोपऱ्यावरच्या पोळी-भाकरी केंद्रातून यायला लागली. आत्ती ती खायच्या आणि तिला नावं ठेवायच्या नाहीत. ज्या बाईला मी चोवीस वर्षं शेजारणीच्या, नणंदेच्या, हॉटेलातल्या, लग्नाच्या पंगतीतल्या एकेका भाकरीची चिरफाड करताना ऐकलं, ती बाई अर्धी भाकरी गुमान खाऊन ताट सरकवते, हे मला बघवेना. मला त्यांची नावं ठेवणारी जीभ हवी होती. ती माझ्यावर चालली असती तरी चाललं असतं.

एकदा मी विसरलेला चष्मा न्यायला अर्ध्या वाटेतून घरी आले. घरात कुणी नाही असं धरून आत्तींनी पीठ मळून बघितलं होतं. काठवटीत तडे गेलेला गोळा पडला होता आणि त्या खुर्चीवर बसून त्याच्याकडं बघत होत्या. "हात गेला माझा," त्या म्हणाल्या. "आता तुमचं तुम्ही बघा." दोन दिवसांनी त्यांनी मलकापूरला धाकट्या बहिणीला फोन लावला. काठवट घेऊन जा म्हणाल्या, हितं नुसती धूळ खात पडलीया. मावशींनी रविवारी येते म्हणून सांगितलं.

आमचे हे म्हणाले, "असू दे की आई घरात. काय खायला मागती व्हय ती?"

"असू दे कशाला? हिला येती व्हय भाकरी?"

मी आतल्या आत चडफडत राहिले. काठवट गेली की आत्ती पुन्हा प्रयत्नसुद्धा करणार नाहीत हे मला दिसत होतं, आणि ते थांबवायला जी एक गोष्ट यायला हवी होती, तीच मला येत नव्हती.

नेमका त्याच आठवड्यात आमच्या लेकीच्या डोक्यात मका शिरला. ती कॉलेजात जाते आणि उरलेला वेळ मोबाईलवर जगभरचा स्वयंपाक बघते. दक्षिण अमेरिकेतल्या कुठल्याशा देशात मक्याच्या पिठाच्या जाडजूड, तळहाताएवढ्या टिक्क्या करतात, आत चीज भरतात आणि सकाळ-संध्याकाळ खातात, असा तिनं शोध लावला. "म्हंजे त्यांची भाकरीच की गं ती," ती म्हणाली. "रविवारी मी करतो. मावशीआज्जीला पण खायला घालू." आमच्याकडं मुलीही 'करतो', 'जातो'च म्हणतात. मी शाळेत मराठी शिकवते आणि घरात ही लढाई केव्हाच हरले आहे.

मका दळायला ती स्वतः गिरणीत गेली. गिरणीवाल्यानं विचारलं, "म्हशीला न्हवं?" ती म्हणाली, "न्हाय, आज्जीच्या बहिणीला." तरी त्यानं हाताच्या सवयीनं जनावरांसाठी काढतात तसा जाड भरडा काढून दिला. तो परत पाठवला. दुसऱ्यांदा पीठ मऊ आलं, आणि सोबत निरोप आला की उरलं तर म्हशीस्नी बी आवडंल.

रविवारी सकाळी आठलाच स्वयंपाकघरात धुमाळी सुरू झाली. मोठी परात आदल्या दिवशीच्या वाळवणात अडकली होती. लेकीनं इकडं तिकडं बघितलं आणि सरळ काठवट उचलली. ती मावशींसाठी धुवून, जुन्या साडीच्या फडक्यात बांधून दाराशी ठेवली होती. मी डोळे वटारले, मान हलवली, सगळं केलं. "नेणारच हाईत न्हवं? मग एकदा वापरून घेऊ की," ती गाठ सोडता सोडता म्हणाली. आत्ती दारातल्या खुर्चीवर पेपर वाचत होत्या. पेपराचं पान उलटता उलटता थांबलं.

पीठ, मीठ, लोण्याचा गोळा आणि कोमट पाणी. मळून झाल्यावर लिंबाएवढा गोळा घ्यायचा, अंगठ्यानं त्याची वाटी करायची, किसलेलं चीज भरायचं, तोंड बंद करायचं, हलकेच दाबून जाड टिक्की करायची आणि तव्यावर लोण्यात भाजायची. मोबाईलमधली बाई हे सगळं गाणं गुणगुणत करत होती. माझी पहिली टिक्की तव्यावर गेली आणि तिनं तोंड उघडलं. चीज बाहेर आलं, तव्यावर पसरलं, करपलं आणि मध्ये एक पोकळ खोबणी उरली. लेकीची टिक्की उलटताना तिचे तीन तुकडे झाले. त्यातला एक उलथन्यावर, एक तव्यावर आणि एक गॅसच्या बर्नरवर गेला.

वास येऊन आमचे हे आत आले. त्यांचं मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान आहे आणि कुठलीही गळती दिसली की त्यांच्या अंगात येतं. त्यांनी चष्मा लावून माझ्या टिक्कीची तपासणी केली. "हिला वॉशर न्हाय," ते म्हणाले. मग पिठाची वळी करून त्यांनी एका टिक्कीच्या कडेला चारी बाजूंनी चिकटवली, बोटानं दाबून पक्की केली आणि अभिमानानं तव्यावर ठेवली. कडेनं एक थेंब गळला नाही. सगळं चीज बरोब्बर मध्यातून वर आलं.

लेक हसून हसून ओट्याला धरून खाली बसली. तिला बघून मला हसू आवरेना, आणि हे गंभीरपणे म्हणाले, "प्रेशर जास्त झालं," त्यावर तर मी डोळे पुसायला पदर शोधायला लागले. अंगात सलवार-कमीज होता. पदर नव्हता, तो शोधतेय हे पाहून लेक आणखी फिदीफिदी हसली. दहा मिनिटांत आम्ही तिघांनी सात टिक्क्यांची वाट लावली होती आणि मला इतकं छान कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

"पाणी उकळीचं पायजे हुतं," पेपराआडून आवाज आला.

आम्ही तिघंही पेपराकडं वळलो.

"कोमट पाण्यानं मका बांधून येतोय व्हय? तडकणारच की."

लेकीनं पाणी उकळलं. आत्तींनी पेपर घडी करून ठेवला, उठल्या, काठवटीपाशी आल्या आणि "सरक" म्हणाल्या. पीठ लेकीकडूनच मळून घेतलं, पण गोळा स्वतः उचलला, डाव्या हातानं. वाटी केली, चीज भरलं, पुरणाच्या पोळीचं बांधतात तसं तोंड चिमटीनं बांधलं आणि गोळा काठवटीत ठेवला.

"आज्जी, एवढीच करायची हं. तळहाताएवढी. जाड ठेवायची," लेक म्हणाली.

"कळतंय मला."

उजवा हात त्यांनी नुसता गोळ्यावर ठेवला होता, आधाराला. त्या हातानं एक थाप मारली. मग दुसरी. गोळा थोडा फिरला. तिसऱ्या थापेला त्याला लय सापडली आणि थप थप सुरू झाली. लेक म्हणाली, "आज्जी, बास." थप थप. "आज्जी, झाली की." थप थप थप. आत्ती थापताना बोलत नाहीत, आणि ऐकतही नाहीत. टिक्की तळहाताएवढी झाली, बशीएवढी झाली, ताटलीएवढी झाली आणि फिरत फिरत काठवटीच्या काठाला जाऊन टेकली. गोल, पातळ, आणि चीज आतून सगळीकडं पिवळं पिवळं दिसत होतं.

आमचे हे वाकून बघत म्हणाले, "ह्यातनं चीज दिसतंय की." आवाज हुबेहूब सासऱ्यांचा काढला. ते जाऊन आठ वर्षं झाली, पण त्या क्षणी ते ओट्यापाशी उभे आहेत असं मला वाटलं.

आत्ती वैतागल्या. "आरं, बारकं ऱ्हाईना की हे." ती भाकरी त्यांनी बाजूला ठेवली आणि दुसरा गोळा घेतला. ह्या वेळी दोन थापा मारल्या आणि थांबल्या. ओठ दाबून थांबल्या. टिक्की तळहाताएवढी, जाड, अगदी मोबाईलमधल्या बाईसारखी. मग हात आपोआप एकदा पडला, आणि पुन्हा काठापर्यंत सगळा प्रवास झाला. पन्नास वर्षं ज्या हाताला काठ आल्याशिवाय थांबणं माहीत नव्हतं, त्याला मोबाईलमधली बाई काय थांबवणार. तिसऱ्याला तेच झालं. लेक बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात मी तिच्या पायावर पाय दिला. मला भीती वाटत होती. कुणी हाताचं नाव काढलं असतं तर त्या तिथंच थांबल्या असत्या.

थापणं एक, पण काठवटीतून उचलून तव्यावर टाकणं हे खरं मनगटाचं काम. आत्तींनी पहिली भाकरी उचलली. ती त्यांच्या दोन्ही तळव्यांवर लोंबकळली, उजवी बाजू जरा खाली आली, मग वर आली, आणि घडी न पडता तव्यावर सपाट पसरली. आत्तींनी सवयीनं वरून पाण्याचा हात फिरवला. चीजच्या भाकरीला पाणी लावतात का, हे विचारायची कुणाची हिंमत नव्हती. उलटली, मग निखाऱ्यावर धरावी तशी गॅसच्या जाळावर धरली, आणि ती फुगली. चेंडूसारखी गच्च फुगली. एका बाजूला वाफेला भोक सापडलं आणि चीजची बारीक पिचकारी उडाली, ती थेट आमच्या ह्यांच्या चष्म्यावर.

"वॉशर बसव म्हणावं त्याला," आत्ती म्हणाल्या, आणि त्या हसल्या. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. ह्यांनी चष्मा पुसलाच नाही, तसेच उभे राहिले.

हसणं ओसरल्यावर आत्तींचं लक्ष स्वतःच्या हाताकडं गेलं. त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला. बोटांच्या पेरांपर्यंत मक्याचं पीठ लागलं होतं.

"दुखतोय काय?" ह्यांना राहवलं नाही.

"दुखतोय," त्या म्हणाल्या. "दुखू दे." आणि चौथा गोळा घेतला.

अकराच्या सुमाराला मावशी आल्या. आत्तींहून सात वर्षांनी धाकट्या, आवाज मात्र दुप्पट. काखेत भली मोठी कापडी पिशवी, काठवट मावेल अशी बघूनच आणलेली. आम्ही त्यांना मक्याची भाकरी, मिरचीचा खर्डा आणि दही वाढलं. एक घास खाऊन त्यांनी भाकरी ओढली तर चीजची तार हातभर लांब झाली. "आक्का, हे काय चिकाट लागलंय आतनं?"

"चीज. दूध हाय त्ये. मुद्दाम नासवतात."

"चांगलं दूध?"

"चांगलं."

"देवा," म्हणून मावशींनी तीन भाकऱ्या खाल्ल्या. चौथी बसमध्ये खायला बांधून घेतली.

मग जायची वेळ झाली. मावशींनी पिशवी झटकली आणि विचारलं, "मग, काठवट कुठाय?"

काठवट ओट्यावर होती, पिठानं माखलेली. लेक माझ्याकडं बघायला लागली, मी ह्यांच्याकडं, हे छताकडं.

आत्तींनी हात पुसला. "पीठ लागलंय तिला. धुयाला पायजे, मग सावलीत वाळवाय पायजे. वलं लाकूड एष्टीतनं न्हेतात व्हय कोण?"

"मग कवा वाळंल?"

"मला काय म्हाईत."

मावशींनी काठवटीकडं बघितलं, ताटातल्या भाकऱ्यांकडं बघितलं आणि मग बहिणीच्या पांढऱ्या झालेल्या उजव्या हाताकडं. पिशवीची घडी घालता घालता म्हणाल्या, "मी येतो की परत कवातरी."

"ये की. पर काठवटीसाठनं येऊ नको." आत्ती लिंबांच्या टोपलीशी गेल्या, आतून पिवळा चेंडू काढला आणि मावशींच्या पिशवीत टाकला. त्यावर माझ्या सुरीची खूण होती. "ह्यो तुझ्या नातीला दे. हितं कोण खेळतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला थप थप ऐकू आली. पूर्वीसारखी सलग नाही. चार थापा, मग थांबणं, मग दोन, मग पुन्हा थांबणं. आमचे हे दाढीचा ब्रश हातात घेऊन बाथरूमच्या दारात उभे होते आणि गालावरचा फेस वाळत चालला होता. लेकीचा एक पाय पांघरुणाबाहेर आला. मी वह्या पिशवीत भरायच्या सोडून पलंगाच्या काठावर बसून राहिले आणि मला रडू आलं.

"अगं, हिकडं ये," स्वयंपाकघरातून हाक आली.

मी गेले. काठवटीत ज्वारीचं पीठ होतं आणि बाजूला उकळीचं पाणी. "मळाय जोर लागतोय मनगटाला," आत्ती माझ्याकडं न बघता म्हणाल्या. "तू मळ. थापाय मी हाय."

चोवीस वर्षांपूर्वी काढून घेतलेलं पीठ त्यांनी माझ्यापुढं सरकवलं. मी ओढणी कमरेला बांधली आणि मळायला लागले. पाणी चटका लावत होतं, पीठ बोटांना चिकटत होतं, आणि शाळेला उशीर होत होता. आत्तींनी गोळा हातात घेतला, एकदा दाबून बघितला.

"सैल मळलंस," त्या म्हणाल्या. "आणि ह्यात गाठी हाईत. आजऱ्याची ती आजऱ्याचीच."

पुढं त्या पाच मिनिटं बोलत होत्या, आणि मी एकेक शब्द ऐकत उभी होते.